होम्स अँड नार्व्हर आणि रेको: अणुचाचणीचे हे दोन कॉन्ट्रॅक्टर एक समजू नका

अमेरिकेच्या अणुचाचण्यांबद्दल वाचायला लागलं की ही दोन नावं सारखी समोर येतात, आणि बरेच जण दोघांना एकाच माळेचे मणी समजतात. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण दोघंही अणुऊर्जा आयोगाचे कॉन्ट्रॅक्टर, दोघांनीही बॉम्ब बनवला नाही, आणि होम्स अँड नार्व्हरने डिझाइनचं काम नेवाडा राज्यातल्या चाचणी मैदानावरही, म्हणजे रेकोच्या जागेत, केलंय. पण माणसं कशी आणायची, किती ठेवायची हा हिशोब दोघांचा पार वेगळा होता.

होम्स अँड नार्व्हर ही लॉस एंजलिसची इंजिनिअरिंग कंपनी, तिचं मोठं काम पॅसिफिक महासागरातली एनिवेटॉक आणि बिकिनी ही बेटं. एनिवेटॉक हवाईपासून 4,000 किमीच्या पलीकडे, तिथे प्यायचं पाणीसुद्धा समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवायचं, म्हणजे एक वायरमन पाठवायचा तर त्याचं जेवण, खाट, पाणी, कपडे धुणं, डॉक्टर, बोटीतली जागा सगळं आधी धरायला लागायचं. तिथे चाचण्या मोसमासारख्या यायच्या, 1951, 1952, 1954, 1956, 1958. मधल्या काळात थोडकी माणसं देखभालीला, मोसम आला की एकदम भरती, संपला की परत गुंडाळागुंडाळी.

आणि मोठ्या स्फोटाआधी माणसांना जहाजावर चढवून मोजायचं. 1 नोव्हेंबर 1952 च्या माइक चाचणीला अख्खं एनिवेटॉक रिकामं केलं होतं. सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र बिकिनीवरच्या 1 मार्च 1954 च्या ब्राव्हो चाचणीचं. अंदाज होता साधारण 6 मेगाटनचा (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी), निघाला 15. बिकिनीवरचा कॅम्प किरणोत्साराने राहण्याजोगा उरला नाही, पुढच्या चाचण्यांना माणसं जहाजांवर राहून काम करायला लागली. प्लॅनमध्ये जमिनीवरच्या खाटा धरलेल्या आणि एका सकाळीत त्या गेल्या, म्हणून मला वाटतं की दूरच्या जागेच्या प्लॅनिंगमध्ये राखीव जागा हाच खरा मुद्दा असतो.

रेको म्हणजे रेनॉल्ड्स इलेक्ट्रिकल अँड इंजिनिअरिंग कंपनी, हिचं घर नेवाडा. तिथे 1951 ते 1992 एकूण 928 चाचण्या झाल्या, त्यातल्या 828 जमिनीखाली. लास वेगास साधारण 100 किमीवर, म्हणून युनियनचे खाणकामगार, पाइपफिटर, इलेक्ट्रिशियन रोज हायवे 95 ने ये-जा करायचे, बाकीचे मर्क्युरी नावाच्या वसाहतीत किंवा आतल्या कॅम्पवर राहायचे. जमिनीखालच्या चाचण्या नेहमीच्या झाल्यावर काम मोसमी राहिलंच नाही, बोअर मारणं, बोगदे खोदणं, केबल टाकणं, भोक बुजवणं वर्षभर चालू, मग पगारी माणसंही कायमची. कामगारांचे किरणोत्सार मोजणारे बॅज आणि त्यांच्या नोंदी ठेवायचं कामही पुढे रेकोकडेच आलं.

म्हणून तिथला धोकाही वेगळ्या जातीचा. 18 डिसेंबर 1970 ला बेनबेरी चाचणीत जमिनीला भेग पडून किरणोत्सारी धूर वर आला आणि मैदानातल्या एरिया 12 या भागाचा कॅम्प घाईने रिकामा करायला लागला. पॅसिफिकमध्ये मोठ्या स्फोटांना माणसं ठरवून आधीच जहाजावर असायची, इथे ती शेजारी कामावर होती. तिथले दोन कामगार 1974 मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेले, कोर्टाने सरकारचा निष्काळजीपणा मान्य केला पण आजाराचं कारण तेच हे मान्य केलं नाही, आणि हे वाचून मला आजही राग येतो.

आपल्याकडे पोखरणला असं काही नव्हतं, 1998 च्या चाचण्यांचे शाफ्ट (खोल उभे खड्डे) लष्कराच्या 58 इंजिनिअर रेजिमेंटने तयार केले, शास्त्रज्ञ भाभा अणुसंशोधन केंद्राचे आणि डीआरडीओचे, बाहेरचा कॉन्ट्रॅक्टर नाही.

भरपाईच्या बाबतीत मात्र कोणाच्या पगारपत्रकावर तुमचं नाव होतं याला फार किंमत आली. अमेरिकेच्या 2000 च्या कायद्याने अणुकामाच्या कॉन्ट्रॅक्टरांच्या आजारी कामगारांना 1,50,000 डॉलरची वाट खुली झाली, पॅसिफिक आणि नेवाडा दोन्हीकडच्या. पण 1977 ते 1980 मध्ये एनिवेटॉक साफ करायला पाठवलेले सैनिक कॉन्ट्रॅक्टरचे नव्हते, म्हणून ते त्यात बसले नाहीत, आणि त्यांची सेवा किरणोत्साराच्या आजारासाठी धरायला माजी सैनिकांसाठीचा 2022 चा पॅक्ट कायदा यायला लागला.