फुटेज नसलेल्या शहराचा माहितीपट

दरवर्षी १२ जानेवारीला सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ही नावं इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. १९३१ साली याच तारखेला येरवड्यात त्यांना फाशी दिली गेली. चौक झाला, बाग झाली, स्मृतिमंदिर झालं. पण याच विषयावर कुणी माहितीपट करायला घेतला की पहिल्याच बैठकीत गाडी अडते : पडद्यावर दाखवायचं काय?

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं हे शहर रस्त्यावर आलं. ८ मेला रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडण्यावरून धरपकड झाली, गर्दी जमली, गोळीबार झाला. त्यात झेंडा घेतलेला शंकर शिवदारे हा तरुण गेला. चिडलेल्या जमावाने पोलीस चौकीवर हल्ला केला, दोन पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली. पुढचे तीनेक दिवस शहरात सरकार असं उरलंच नाही. काँग्रेसचे स्वयंसेवक बंदोबस्त पाहत होते. १२ मेला लष्करी कायदा लागला तो ३० जूनपर्यंत टिकला. त्या काळात गांधी टोपी घालणं म्हणजे शिक्षा ओढवून घेणं. धनशेट्टी तर जमावाला आवरत होते असं सांगतात, तरी फास त्यांच्याच गळ्यात पडला. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत. एवढा मालमसाला, आणि पडद्यासाठी हाती येतात ते काही फोटो, सरकारी कागद, खटल्याचे दप्तर आणि नातवंडांनी आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी.

कॅमेरे तेव्हा नव्हते असं नाही. दांडीयात्रेचं चित्रण मुंबईच्या कंपन्यांनी केलं होतं. मुंबई सरकारने त्याच वर्षी त्या फिती बंद पाडल्या. प्रभातच्या ‘स्वराज्याचे तोरण’ला सेन्सॉरने नावासकट हरकत घेतली आणि तो ‘उदयकाल’ होऊन बाहेर आला. शिवकाळावरच्या कथापटाची ही गत, तर लष्कराच्या पहाऱ्यातल्या सोलापुरात कॅमेऱ्याची तिकाटी कोण लावणार?

खरं तर घडलेली गोष्ट कॅमेऱ्यात धरायची हौस मराठी माणसाला फार आधीपासूनची. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. पुढे रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचं स्वागत, मग १९०३चा दिल्ली दरबार. पहिल्या चारपाच वर्षांतच पैलवान, विद्वान आणि बादशाही थाट हे तिन्ही विषय येऊन गेले. राहिला तो गिरणीतला माणूस.

स्वतःच्या जिवावर इतिहास गोळा करणारा माणूस हवा असेल तर मी सर्वांत आधी ए. के. चेट्टियार यांचं नाव घेईन. या तमिळ पत्रकाराने १९३७पासून देशोदेशी हिंडून गांधीजींची जिथे जिथे फिल्म होती तिथून ती मिळवली आणि १९४०मध्ये माहितीपट पुरा केला. पाठीशी सरकार नाही, मोठा स्टुडिओ नाही. आज ‘अर्काइव्ह’ म्हणून जे भारदस्त काम सांगितलं जातं, ते त्यांनी बोटीने आणि पत्रव्यवहाराने उरकलं होतं.

सरकारचं लक्ष या माध्यमाकडे गेलं ते युद्धामुळे. १९४३मध्ये सरकारमान्य फिल्म दाखवणं थिएटरवाल्यांवर बंधनकारक झालं. स्वातंत्र्य मिळालं तरी ही सवय गेली नाही. १९४८ला फिल्म्स डिव्हिजन हे माहितीपट काढणारं सरकारी खातं निघालं आणि मूळ सिनेमाच्या आधी धरणं, कारखाने, पूर आणि पंतप्रधान दिसू लागले. भागवत चित्रमंदिराच्या बाहेर शेंगा खात उभं राहून ‘न्यूज रील’ संपल्यावर आत शिरणारी पिढी सोलापुरात अजून आहे. तरीही फिल्म्स डिव्हिजनला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. तिथे उत्तम तंत्रज्ञ घडले आणि देशाचा दृश्य-दस्तऐवज त्यांनीच सांभाळला. अडचण एवढीच की काय टिपायचं ते दिल्लीतून ठरायचं.

आता सोलापूरचाच एक धागा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले, जन्म १९१०चा. १९३८मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि डिसेंबर १९४२मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिलं, त्यावरून १९४६मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. गाणी, नाट्य, सगळं आलं. सोलापूरचा माणूस देशाच्या पडद्यावर गेला तो कथापटाच्या वाटेने.

याच अब्बास यांनी १९६८मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली इथली श्रीमंती व गरिबी शेजारी शेजारी ठेवणारा एक छोटा माहितीपट केला. वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून सेन्सॉर अडून बसलं, तसे अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असतानाच सरकारने नमतं घेतलं आणि सर्वांसाठीचं प्रमाणपत्र द्यायची तयारी दाखवली. पण १९७०च्या निकालात न्यायालयाने पूर्वतपासणी घटनेत बसते असंच म्हटलं. सेन्सॉरवरच्या प्रत्येक वादात आजही याच निकालाचा दाखला निघतो.

पुढची वळणं झपाट्याने आली. जयप्रकाशांच्या आंदोलनावरची आनंद पटवर्धन यांची फिल्म आणीबाणीत लपूनछपून परदेशी पोचली. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, कच्च्या फिल्मचा खर्च सुटला. २००४च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवाने भारतीय माहितीपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र मागितलं तेव्हा माहितीपटवाल्यांनी एकजूट केली. अट मागे घेतली गेली, पण टोकदार फिल्म निवडीत गळल्या, आणि मग ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव उभा राहिला. २०२२मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालं.

या सगळ्यातून सोलापूरच्या वाट्याला काय आलं, हे बघायचं तर ‘सेटलमेंट’मध्ये जावं लागतं. रिक्षावाल्याला एवढा एक शब्द पुरतो. पत्त्यांत आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असं लिहितात, पुढे नंबर. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी, कंजारभाट, टकारी, मांग गारुडी अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं जाई. हजेरी चुकली की शिक्षा, बाहेर जायला पास. काही काळ इथली व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. माणसं इथेच का, याचं एक उत्तर गिरण्यांत सापडतं : कुंपणाच्या आतल्या माणसांना सुताच्या कामावर लावता येत होतं. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा उठला. नेहरूंच्या हस्ते तार तोडली गेली, अशी आठवण सोलापुरात सांगितली जाते.

अहमदाबादेतलं छारानगरही अशाच सेटलमेंटमधून उभं राहिलं. तिथली पोरं १९९८नंतर नाटक करू लागली, त्यांच्यावर बाहेरच्यांनी फिल्म केल्या आणि पुढे त्यांच्यातल्या काहींनी स्वतः कॅमेरा हातात घेतला. हा फरक मोठा आहे. बाहेरून आलेला दिग्दर्शक ‘तुमच्यावर अन्याय झाला ना?’ असं विचारतो आणि तेवढंच घेऊन जातो. आतल्याला ठाऊक असतं की हजेरीची घंटा कुठे होती हे कोणत्या आजीला विचारायचं, आणि कोणत्या आजोबांना अजिबात विचारायचं नाही.

जुन्या मिलचं तेच. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १९४९च्या ऑगस्टमध्ये बंद पडली, जानेवारी १९५०मध्ये केंद्राने वटहुकूम काढून ताबा घेतला आणि भागधारक कोर्टात गेले. पहिला निकाल १९५०चा, दुसरा १९५३चा, आणि मालमत्तेच्या हक्काबाबत १९५५मध्ये झालेल्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे हा वादही होता. कायद्याच्या पुस्तकांत ‘शोलापूर मिल केस’ आहे. तिथे भागधारकांची नावं सापडतात, साच्यावरच्या बायांची नाहीत.

म्हणून इथे शूटिंग करणाऱ्याला फुटेज शोधण्याआधी माणसं शोधावी लागतात, आणि माणसं एका भाषेत बोलत नाहीत. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात आजी विड्या वळता वळता तेलुगूत सुरुवात करते, मध्येच मराठीत येते, नातवाला दटावते ती पुन्हा तेलुगूत. अक्कलकोटकडचा जुना जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, कन्नडात रंगतो. कुर्बान हुसेनांची आठवण निघते ती दखनीत. एका तासाच्या रेकॉर्डिंगला सबटायटल लावायला आठवडा जातो आणि भाषांतर करणाऱ्याचं मानधन बजेटमध्ये सगळ्यात शेवटी आठवतं. शिवाय भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असतो. कॉलर माइक लावा नाहीतर खोलीत चादरी टांगा, तो खटखटाट आवाजात शिरतोच. माग बंद असतात तो दिवस धरायचा, नाहीतर लाइट जाण्याची वाट बघायची; मग आवाज स्वच्छ येतो, पण खोलीत अंधार. अशा वेळी मुलाखत दारात, उंबऱ्यावर बसून घेतात, आणि गल्लीतली माणसं भोवती जमून आजीच्या तारखा दुरुस्त करू लागतात.