पोटरीत गोळा आला म्हणजे मॅग्नेशियम कमी?

विरार लोकलमध्ये उभ्याने प्रवास, रात्री पोटरीत गोळा. शेजारच्या काकूंचं निदान तयार: ‘मॅग्नेशियम कमी झालंय, गोळी घे.’ तसं नाही. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात वयस्करांना असा गोळा येण्यावर मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही. पोट मात्र बिघडू शकतं. किडनी धड असेल तर जास्तीचं मॅग्नेशियम लघवीवाटे जातं. किडनी अधू असेल तर साठतं, तिथे ही गोळी धोक्याची. खरी कमतरता येते ती दीर्घकाळच्या जुलाबांनी, अति दारूने किंवा ॲसिडिटीच्या काही गोळ्या (पँटोप्राझोलसारख्या) वर्षानुवर्षं घेतल्याने. बाकीच्यांना बाजरीची भाकरी, हरभऱ्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी यांतून ते मिळतंच. गोळा आलाच, तर पाय सरळ ठेवून पंजा स्वतःकडे ओढा. पोटरी ताणली की बहुतेकदा सुटतो.