सुवर्णकणांद्वारे पेशीनिरीक्षण

सोन्याचे किंवा चांदीचे, सुमारे 100 नॅनोमीटरपर्यंतचे कण जिवंत पेशीत सोडून, त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशात होणाऱ्या बदलांवरून आतल्या रेणूंच्या घडामोडी ओळखण्याची पद्धत. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग.

इंदूरच्या सराफ्यात सोने पिवळे असते. तेच सोने 20 नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात पाण्यात तरंगत असले, की पाणी माणकासारखे लाल दिसते. हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो हे मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्ये मांडले. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाफ मी (Mie) यांनी 1908 मध्ये त्याचे गणित दिले. प्रकाश पडताच कणातले मुक्त इलेक्ट्रॉन एकदमच हेलकावू लागतात. या हेलकाव्याला प्लाझ्मॉन म्हणतात. तो कोणत्या रंगाला साथ देईल हे कणाच्या आकारमानावर, घडणीवर आणि शेजाऱ्यावर अवलंबून असते. दोन कण जवळ आले की रंग पालटतो. 2005 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांनी डीएनएच्या धाग्याने जोडलेल्या दोन कणांमधले अंतर याच रंगबदलावरून मोजले. रेणूंच्या जगातली ही जणू फूटपट्टीच.

रेणू ओळखण्यासाठी मात्र रामन परिणाम (1928), म्हणजे रेणूवरून विखुरताना प्रकाशाच्या रंगात होणारा किंचित बदल, हवा. प्रत्येक रेणूची कंपने निराळी असतात आणि विखुरलेल्या प्रकाशात त्यांची खूण उमटते. अडचण एवढीच, की अशी खूण कोटीत एखादाच प्रकाशकण घेऊन येतो. खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूंचे रामन संकेत 1974 मध्ये साउदॅम्प्टन येथे नोंदले गेले. धातूमुळे ते लाखो पटींनी वाढतात हे 1977 मध्ये स्पष्ट झाले. 1997 पर्यंत एकेक रेणू टिपता येऊ लागला. आम्लतेनुसार वर्णपट बदलणारा रेणू कणावर चिकटवला, तर पेशीच्या एखाद्या कोपऱ्यातली आम्लताही वाचता येते.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात (स्थापना 1984) लेसरच्या वैद्यकीय उपयोगांवर काम चालते. रामन वर्णपटावरून ऊतींची तपासणी हा त्यातलाच एक विषय. भौतिकीची आवड असलेल्या इंदुरी मराठी विद्यार्थ्याला हे क्षेत्र घरापासून दूर नाही.

पेशी पाहण्यासाठी एरवी वापरली जाणारी चकाकणारी रंगद्रव्ये लेसरखाली काही वेळाने फिकी पडतात; सोने तसे फिके पडत नाही, म्हणून एकाच कणाचा माग बराच वेळ ठेवता येतो. या पद्धतीचे खरे बळ यातच आहे. पण एक शंका सतत जागी ठेवावी लागते: आपण पाहतो ती पेशी कणामुळे बदललेली तर नाही ना? पेशी कण गिळते आणि बहुधा पटलाच्या पिशवीत कोंडून ठेवते. मग मिळणारी माहिती पेशीद्रवाची नसून त्या पिशवीची असते. आत शिरण्याआधीच कणावर प्रथिनांचा थर चढलेला असतो. चांदीतून सुटणारे आयन पेशीला मारक ठरू शकतात, आणि तीव्र लेसरने कण तापतो. म्हणून कण न घातलेल्या पेशी त्याच लेसरखाली, तेवढाच वेळ ठेवून तुलना केली जाते.