एपीआय प्रतिसादांची टाइप-पडताळणी

वेब एपीआयकडून, म्हणजे प्रोग्रॅमला इंटरनेटवरून डेटा देणाऱ्या सेवेकडून, आलेला डेटा ठरलेल्या रचनेचा आहे का, हे प्रोग्रॅम चालू असताना तपासायचे आणि तपासणीत तो उतरला तरच त्याला निश्चित टाइप (संख्या, स्ट्रिंग म्हणजे मजकूर, अशी मूल्याची जात) द्यायचा, या पद्धतीला टाइप-पडताळणी म्हणतात. टाइपस्क्रिप्ट आणि पायथनमध्ये तिची गरज विशेष भासते, कारण तिथे लिहिलेले टाइप प्रोग्रॅम चालताना आपणहून काहीच अडवत नाहीत.

टाइपस्क्रिप्टचा (२०१२) कंपायलर टाइप तपासतो आणि जावास्क्रिप्ट तयार करताना ते पुसून टाकतो. फेच फंक्शनने विनंती पाठवून उत्तरावर जेसन (डेटा मजकुराच्या रूपात लिहिण्याचा एक साचा) वाचणारी त्याच नावाची मेथड चालवली की शेवटी हाती येणाऱ्या मूल्याचा टाइप ‘एनी’ असतो, म्हणजे काहीही चालेल. त्यापुढे ‘ॲज ऑर्डर’ (हे ऑर्डर समजा) एवढे लिहिले की एडिटर ऑर्डरची सगळी फील्ड (नावे असलेले कप्पे) सुचवू लागतो आणि काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तपासले काहीच गेलेले नसते. प्रोग्रॅमरने कंपायलरला फक्त शब्द दिलेला असतो, आणि तोही परक्या सर्व्हरच्या वतीने.

समजा, ‘नग’ या फील्डमध्ये ४० या संख्येऐवजी ‘४०’ ही स्ट्रिंग आली. तिच्यात ५ मिळवले तर जावास्क्रिप्ट ४५ नव्हे, ‘४०५’ देते. एरर येत नाही. घोळ कुठेतरी पुढच्या स्क्रीनवर, एकूण बेरजेत दिसतो आणि शोध तिथूनच सुरू होतो. पडताळणी असेल तर प्रतिसाद आत घेतानाच ‘नग : संख्या अपेक्षित, स्ट्रिंग मिळाली’ अशा अर्थाचा संदेश मिळतो.

त्यासाठी डेटाचा स्कीमा, म्हणजे अपेक्षित रचनेचे वर्णन, कोडमध्येच लिहितात. टाइपस्क्रिप्टच्या झॉड लायब्ररीत (२०२०) ‘पार्स’ चुकीच्या डेटावर एरर फेकते, तर ‘सेफपार्स’ यश किंवा अपयश मूल्य म्हणून परत देते. टाइप स्कीमावरूनच काढता येत असल्याने एकच रचना दोनदा लिहावी लागत नाही. ही लायब्ररी लोकप्रिय होण्यामागे ही सोय मोठी आहे. पायथनमधील पायडँटिक (२०१७) मूळ सेटिंगमध्ये ‘४०’ या स्ट्रिंगची मुकाट्याने संख्या करून घेते. तसे नको असेल तर स्ट्रिक्ट मोड लावावा लागतो.

एल्म भाषेत डीकोडरशिवाय (जेसन तपासून मूल्यात बदलणाऱ्या कोडशिवाय) जेसनमधले मूल्य वाचताच येत नाही. रस्ट भाषेतील सर्ड आणि स्विफ्ट भाषेतील कोडेबल यांतही डीकोडिंग आणि तपासणी एकत्रच होतात. गो भाषेची गोष्ट वेगळी : उत्तरात नसलेले फील्ड तिथे निमूटपणे शून्य होते, त्यामुळे शून्य आले की काहीच आले नाही हे कळण्यासाठी सहसा पॉइंटर (मूल्याऐवजी त्याचा पत्ता, जो रिकामाही असू शकतो) वापरतात. कॉटलिन भाषेत जीसन लायब्ररी वापरली तर ‘नल (मूल्यच नसणे) चालणार नाही’ असे जाहीर केलेल्या फील्डमध्येही नल येऊन बसू शकतो.

जेसनच्या स्वतःच्या मर्यादाही आहेत. तारखेसाठी त्यात टाइप नाही. तारीख स्ट्रिंग म्हणून येते आणि तिचे रूपांतर स्कीमातच करणे इष्ट. २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, याच्या पुढचा प्रत्येक पूर्णांक जावास्क्रिप्टला अचूक धरता येईलच असे नाही. म्हणूनच ट्विटरच्या एपीआयने आयडी स्ट्रिंगच्या रूपातही द्यायला सुरुवात केली.

स्कीमाच्या आधी एचटीटीपी स्टेटस, म्हणजे विनंती यशस्वी झाली की नाही हे सांगणारा सर्व्हरचा आकडा, पाहावा लागतो. ४०४ (पान सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) आला तरी फेच अपयश कळवत नाही, आणि मग एरर पानाचे एचटीएमएल थेट जेसन पार्सरच्या गळ्यात पडते.

ओपनएपीआय (एपीआयचे ठरावीक साच्यातले वर्णन) दस्तऐवजावरून टाइप आपोआप तयार करणारी साधने आहेत. पण नुसते टाइप म्हणजे पडताळणी नव्हे. सर्व्हर दस्तऐवजाला सोडून वागला तर ते गप्पच राहतात.

तपासणी किती कडक असावी यावर मतभेद आहेत. पाठवताना काटेकोर आणि स्वीकारताना उदार असावे, हे इंटरनेटच्या सुरुवातीच्या घडणीतील जॉन पोस्टेल यांचे तत्त्व इंटरनेटवरील डेटा-वहनाचा नियम ठरवणाऱ्या १९८० च्या टीसीपी दस्तऐवजात आहे. २०२३ च्या आरएफसी ९४१३ या इंटरनेटविषयक दस्तऐवजाने त्या उदारपणाचे तोटे मांडले. व्यवहारात अनोळखी जादा फील्डकडे दुर्लक्ष करणे आणि आपण वापरतो तीच फील्ड तपासणे बरे पडते. अन्यथा सर्व्हरने एक निरुपद्रवी फील्ड वाढवले तरी चालू ॲप कोसळते. ठरावीक मूल्यांच्या यादीत उद्या नवे मूल्य येऊ शकते. त्यासाठी ‘अज्ञात’ असा पर्याय ठेवतात. लांबलचक यादीतली एकच नोंद बिघडलेली असेल तर सगळा प्रतिसाद फेकायचा की तेवढी नोंद वगळून लॉगमध्ये टाकायची, हे लायब्ररी ठरवत नाही. बातम्यांच्या यादीत वगळलेले चालते, हिशेबाच्या यादीत नाही.