संसर्ग, शास्त्र आणि फौजदारी कलम

जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरेल असे कृत्य निष्काळजीपणाने केल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि द्वेषबुद्धीने केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद १८६० च्या भारतीय दंड संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या २७१ आणि २७२ या कलमांत आली आहे. एचआयव्ही असल्याचे ठाऊक असूनही जोडीदाराला न सांगता शरीरसंबंध ठेवणाऱ्यावर ही कलमे लावावीत, असे अनेकांना न्याय्य वाटते. मला तसे वाटत नाही, आणि त्याची कारणे मुख्यतः विषाणूच्या वर्तनात आहेत.

लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण अतिशय जास्त असते, आणि नेमक्या त्याच काळात प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) शोधणारी तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे ज्याच्याकडून संसर्गाचा धोका सर्वाधिक, त्याला स्वतःच्या लागणीची कल्पनाही नसते. कलम मात्र धोक्याची जाणीव असणाऱ्यालाच लागू होते, म्हणून ते तपासणी करून घेतलेल्या माणसापर्यंतच पोहोचते. तपासणीच टाळणारा त्यातून सुटतो.

तपासणी झालेला माणूस उपचार सुरू करतो तेव्हा काय घडते, हे एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत हा अभ्यास झाला. त्यात पुण्यातील आणि चेन्नईतील जोडपीही होती. उपचार लवकर सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ मध्ये जाहीर झाले. पुढच्या अभ्यासांतून हे आणखी पक्के झाले: एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीची वाढ रोखणाऱ्या औषधांच्या, गोळ्या नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू मोजता येणार नाहीत इतके कमी झाले आहेत, त्याच्याकडून शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही.

पुराव्याची अडचण वेगळीच आहे. दोघांच्या शरीरातील विषाणूंची जनुकीय रचना जुळली, तरी कोणाकडून कोणाला लागण झाली किंवा दोघांनाही ती तिसऱ्याकडून झाली का, हे केवळ त्यावरून सिद्ध होत नाही. जगभरातील वीस शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये न्यायालयांसाठी हेच स्पष्टपणे लिहून दिले; एचआयव्हीच्या शोधासाठी नोबेल मिळालेल्या फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी त्यांत होत्या.

भीतीपोटी उगारलेल्या बडग्याचा अनुभव गोव्याने १९८९ मध्ये घेतला आहे. नियमित रक्तदान करणाऱ्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळला, म्हणून त्याला पोलिसांकरवी ताब्यात घेऊन क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस एकटे डांबले गेले. त्याच्यावर कोणाला संसर्ग दिल्याचा आरोपसुद्धा नव्हता. हे पाहिल्यावर आपणहून तपासणीला कोण पुढे येईल?

जाणूनबुजून इजा करण्याचा हेतू आणि प्रत्यक्ष संसर्ग, दोन्ही सिद्ध होत असतील तर शिक्षा जरूर व्हावी. पण अशी प्रकरणे विरळाच. बाकी साऱ्यांसाठी २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा मला अधिक शहाणा वाटतो. बाधित व्यक्तीने समुपदेशनानंतर वाजवी खबरदारी घ्यावी, असे तो सांगतो. पण ज्या स्त्रीला लागण उघड केल्यास मारहाणीची किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती आहे, तिला त्यातून सूट देतो. गरोदरपणातल्या तपासणीमुळे पुष्कळदा नवऱ्याआधी बायकोच्याच लागणीचे निदान होते, आणि रोग तिनेच घरात आणला असे सासरी ठरते. न्याय संहितेच्या कलमांत अशा स्त्रीसाठी कोणतीही सूट नाही.