बीओडीचे तीन दिवस आले कुठून?

गोदावरीला पूर किती, हे नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. पाणी किती घाण झालंय, हे सांगणारा मारुती मात्र घाटावर नाही. तिथे प्रयोगशाळेचा ‘बीओडी’चा, म्हणजे मैला खाताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचा, आकडाच लागतो.

एके काळी लंडनकरांकडेही डोळे आणि नाक एवढीच साधनं होती. जुलै १८५५ मध्ये मायकेल फॅरडेने थेम्सवरून बोटीने जाताना पांढऱ्या कार्डाचे ओले तुकडे पाण्यात सोडले. इंचभर बुडायच्या आत ते दिसेनासे झाले. त्याच शतकात पोटॅशियम परमँगनेटची पद्धत रुळली. जांभळा रंग जितका उडेल, तितका सेंद्रिय मैला जास्त. पण परमँगनेटला काही पदार्थ पचतात, काही नाहीत, म्हणून आकडा मोघमच राहायचा.

खरी वाट मोकळी केली हंगेरीच्या लायोश विंकलरने, १८८८ मध्ये. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची त्याची रीत आजही चालते. बाटली काठोकाठ भरायची, बुचाखाली बुडबुडा राहिला तर नमुना फुकट. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातलं की ऑक्सिजन असलेल्या पाण्यात तपकिरी साका धरतो. साका पांढराच राहिला तर समजायचं, पाणी मेलेलं आहे. मग आम्ल, थायोसल्फेट, स्टार्च. निळा रंग घालवायला किती थायोसल्फेट लागलं, त्यावरून आकडा हातात.

बीओडी म्हणजे हीच मोजणी दोनदा करणं. एकदा लगेच, दुसऱ्यांदा बाटली अंधारात ठेवून, जिवाणूंनी मैला खाताना किती ऑक्सिजन संपवला ते पाहायला. पण किती दिवसांनी? ब्रिटनच्या सांडपाणीविषयक रॉयल कमिशनने १९१२ च्या अहवालात पाच दिवस धरले आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याला लिटरमागे २० मिलिग्रॅम बीओडीची मर्यादा सुचवली. तिथल्या नद्यांचं पाणी पाच दिवसांत समुद्राला मिळतं, असं त्यामागचं कारण सांगतात. पुढे २० अंश तापमान जगभर रूढ झालं.

आपल्याकडे उन्हाळ्यात २० अंश म्हणजे बाटल्या ठेवायच्या कपाटाला सतत गारवा पुरवत बसायचं. उबेत जिवाणू भराभर खातात, म्हणून भारतीय मानकाने २७ अंशांवर तीन दिवस स्वीकारले. आकडे साधारण जुळतात. माझ्या मते हा बदल फार शहाणपणाचा होता.

घाई असेल तर सीओडी, म्हणजे जिवाणूंऐवजी रसायनाने मैला जाळायला लागणारा ऑक्सिजन. डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लात दोन तास उकळलं की काम झालं. जिवाणूंना न पचणारंही यात जळतं, म्हणून सीओडी बीओडीपेक्षा मोठाच येतो. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यात तो लिटरमागे लाख मिलिग्रॅमच्या घरात जातो. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात हे वेगळं सांगायला नको.

रामकुंडासारख्या स्नानाच्या जागी निकष बीओडीचाच: लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान ५. विष्ठेतल्या जंतूंची मोजणी वेगळी करावी लागते, बीओडी त्याबद्दल काही बोलत नाही. आता ऑक्सिजन सेन्सरवर तिथल्या तिथे वाचता येतो. बीओडीची बाटली मात्र तीन दिवस कपाटातच. २०२६-२७ च्या सिंहस्थातही पर्वणीच्या पाण्याचा निकाल येईल तेव्हा ते पाणी रामकुंड सोडून केव्हाच पुढे गेलेलं असेल.