श्वास सोडताना नाडी का मंदावते?

ध्यानाच्या बहुतेक वर्गांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "खोल श्वास घ्या, मेंदूला भरपूर ऑक्सिजन मिळेल." सोलापुरात सकाळी हुतात्मा बागेत बसणाऱ्या मंडळींपासून ते व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डपर्यंत हे सगळीकडे ऐकू येतं. ते चूक आहे. नवख्यांच्या गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, धडधडतं अशा तक्रारींचं मूळही बरेचदा त्यातच असतं.

कोविडच्या काळात घरात आलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून बघा. निरोगी माणसाचा आकडा एरवीही ९६ ते ९८ असतो. दहा खोल श्वास घेतले तरी तो फार तर एखाद-दुसऱ्या अंकाने सरकेल, कारण हिमोग्लोबिन जवळपास भरलेलंच असतं. बदलतं ते वेगळंच. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो. धमनीच्या रक्तात त्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटर असतो. तो २५ वर उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथला रक्तप्रवाह साधारण एक तृतीयांशाने घटतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यावर हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहजी देत नाही. ऑक्सिजन वाढवायला बसलेला माणूस मेंदूचा ऑक्सिजन कमी करून उठतो! रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं, नसा विनाकारण चेतवल्या जातात. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात त्या यामुळे. काही शिबिरांत यालाच 'ऊर्जा जागृत झाली' म्हणतात. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेने १९२४ पासून प्राणायाम प्रयोगशाळेत नेला; आपल्याकडे फॉरवर्ड पाठवणारे अजून तिथवर पोचलेले नाहीत.

मग शांत वाटतं ते कशाने? श्वास सावकाश सोडण्याने.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका ठोक्यांची गती ठरवतो. त्याला मोकळं सोडलं तर तरुण माणसाची नाडी मिनिटाला १०० च्या आसपास जाईल. प्रत्यक्षात ती ७० असते, कारण मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी दहावी, व्हेगस, सतत ब्रेक दाबून असते. श्वास आत घेताना मेंदूच्या देठातलं श्वसनकेंद्र हा ब्रेक जरा सैल करतं आणि नाडी वाढते. श्वास सोडताना ब्रेक पुन्हा लागतो आणि नाडी मंदावते. कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये श्वासाबरोबरचा हा चढउतार यंत्रावर नोंदवला. तुम्हाला यंत्र लागणार नाही. मनगटावर तीन बोटं ठेवून श्वास सावकाश सोडा, दोन ठोक्यांमधलं अंतर लांबताना जाणवेल. साठीनंतर किंवा मधुमेह जुना असेल तर हा फरक कमी लागतो.

ब्रेक इतका चटकन लागतो कसा? व्हेगस हृदयावर अ‍ॅसिटिलकोलीन सोडते. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेतवली आणि त्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं, तेही मंदावलं. नसा हृदयाशी रसायनातून बोलतात हे तेव्हा कळलं, आणि १९३६ मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. हे रसायन सेकंदाच्या आत परिणाम करतं आणि लगेच नष्टही होतं. तणावाचं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन मात्र परिणाम दाखवायला काही सेकंद घेतं. त्यामुळे एका श्वासापुरतं नाडीला वर-खाली खेळवणं मुख्यतः व्हेगसलाच जमतं.

आता थोडा अवघड भाग. मानेच्या धमनीत, जबड्याच्या खाली, रक्तदाब मोजणारे संवेदक असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदय मंदावतो आणि रक्तवाहिन्या सैल करतो, दाब उतरतो. मग उलटं चक्र. रक्तवाहिन्यांकडून प्रतिसाद येईपर्यंत काही सेकंद जातात, त्यामुळे या चक्राला स्वतःची लय लागते: साधारण १० सेकंदांची एक फेरी. तुमचा श्वासही १० सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला ६, झाला की दोन्ही लयी एकमेकींवर चढतात आणि नाडीचा चढउतार एरवीपेक्षा कितीतरी मोठा होतो. मिनिटाला १५ श्वास घेताना हे घडत नाही. लुचानो बर्नार्डी यांच्या गटाने २००१ मध्ये २३ निरोगी माणसांकडून कॅथलिक ख्रिश्चनांची लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला, तेव्हा दोन्हींनी श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आणला. ही किमया मंत्र म्हणायला लागणाऱ्या वेळाची होती. दोन धर्म, दोन भाषा, आकडा तोच. काहींना हे आवडणार नाही.

करायचं ते सोपं आहे. सोलापुरी चादरी घड्या घालून बैठकीखाली इतक्या घ्या की गुडघे कमरेच्या खाली टेकतील. नाहीतर पाठ वाकते आणि दहा मिनिटांत पाय बधिर होतो. (तो बहुधा नस दबल्याने होतो, मांडी बदला.) जमिनीवर जमत नसेल तर खुर्ची चालेल. नाकाने ४ सेकंद श्वास घ्या, ६ सेकंद सोडा. श्वास नेहमीपेक्षा मोठा नको, फक्त लांब हवा. पोट हलावं, खांदे नाही. पहिल्या आठवड्यात सरळ ६ वर उडी मारली तर हवा कमी पडल्यासारखं वाटतं. ३ सेकंद घेणं आणि ४ सेकंद सोडणं असं सुरू करून दर दोन-तीन दिवसांनी एकेक सेकंद वाढवा. सुरुवातीला रोज ५ मिनिटं, पुढे १०. गरगरलं तर श्वास मोठा होतोय, लहान करा.

सोडलेले श्वास १ ते १० मोजा आणि पुन्हा १ पासून. चौथ्यावर मन बाजारात जाईल. २०१० च्या एका पाहणीत लोकांचं मन जागेपणी जवळपास ४७ टक्के वेळ हातातल्या कामावर नव्हतं, तेव्हा हे नेहमीचंच आहे. मन भरकटलंय हे लक्षात येणं आणि १ वर परतणं, व्यायाम तोच. 'मन रिकामं करा' हा सल्ला देणाऱ्याने आधी स्वतः करून दाखवावा.

मे महिन्यात पारा ४२ ओलांडतो तेव्हा दुपारी बसू नका. अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, नाडी मुळातच वाढलेली असते. पहाट बरी. भाकरी-शेंगाचटणीचं भरपेट जेवण झाल्यावर दोन तास थांबा, नाहीतर झोप लागेल. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांची खटखट असेल तर घाबरू नका. एकसारख्या आवाजाकडे मेंदू थोड्या वेळात दुर्लक्ष करतो. फोनची टिंग मात्र दरवेळी नवी असते, तो दुसऱ्या खोलीत ठेवा.

अपेक्षा किती ठेवायची? २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा, ३,५१५ लोकांचा आढावा प्रसिद्ध झाला. चिंता आणि उदासी काही प्रमाणात कमी झाली, पण व्यायामापेक्षा किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. सात दिवसांत बीपीची गोळी बंद करून देणाऱ्यांपासून लांब राहा. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर आकडे बघून ठरवतील. मोठा मानसिक आघात झालेल्यांना किंवा तीव्र नैराश्य असलेल्यांना डोळे मिटून बसल्यावर त्रास वाढू शकतो. त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारावं, आणि सुरुवात डोळे उघडे ठेवून, दोन-तीन मिनिटांनीच करावी.